आबांच्या स्पीकरसाठी वाल्वचा अ‍ॅम्प्लिफायर

स्पीकर घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोनं सांगितलं होतं, "स्पीकर चांगले आहेत. आबांचे कान दाखवून या." मी तिच्यावर खेकसलो. आमच्या घरात आवाजाबद्दल बोलायचा अधिकार आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पारोळ्याला तीस वर्षं त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, सप्ताह असो की निवडणूक, भोंगे त्यांचेच. अशा माणसाला ऐकू येत नाही हे मी कसं मानणार? खरं म्हणजे मला ते मानायचंच नव्हतं.

धंदा बंद करून आबा जळगावला आमच्याकडे राहायला आले, ते एकच हौस घेऊन. जन्मभर लोकांच्या दारात गोंगाट केला, आता घरात बसून निवांत बासरी ऐकायची. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या एका इंजिनिअरची बदली झाली तेव्हा त्यांचे दोन स्पीकर मी आणले. गव्हाच्या कोठीसारखी जड खोकी. "हे आळशी आहेत," इंजिनिअर म्हणाले होते, "साध्या अ‍ॅम्प्लिफायरला दाद देत नाहीत. यांना ताकद लागते." हे वाक्य मी गाठीशी बांधलं.

माझ्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ते खरोखरच नुसते पुटपुटत. आबा म्हणत, डग्गा येतो, पण बासरी कुठे आहे? मला बासरी ऐकू येत होती. बारीक होती, पण होती. तरी सगळं खापर मी अ‍ॅम्प्लिफायरवर फोडलं. आबांचं मत ठरलेलं होतं, वाल्व, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या, तापल्याशिवाय आवाज पिकत नाही. मग वाल्वचा शोध सुरू झाला. आधी जुन्या रेडिओतला छोटा जोडून पाहिला. आवाज गोड, पण जरा वाढवला की फाटायचा. या स्पीकरांना तो पुरा पडेना.

मग असोद्याच्या एका हौशी शेतकऱ्याकडून चार वाल्वचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीत धरून. तो लावला आणि स्पीकरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. बासरी घरभर झाली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मी आबांकडे पाहिलं.

"बासरी नही उनी," आबा म्हणाले. घरभर झालेली बासरी त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती.

त्या दिवशी मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. बायको हळूच म्हणाली, "त्यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही हो." मी ताडकन उठलो आणि दुसऱ्या दिवशी असोद्याचा अ‍ॅम्प्लिफायर परत करून आलो. कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना वाटेवरच होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं धुळ्याला गेलो. आबांच्या ओळखीच्या एका मंडपवाल्याकडे वाल्वचे जुने अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडले होते. आबांची निवडायची रीत मंडपवाल्यांची. कान लावायचा नाही, अ‍ॅम्प्लिफायर उचलून आतल्या ट्रान्सफॉर्मरचं वजन बघायचं. जो उचलताना त्यांच्या कमरेत कळ आली तो त्यांनी पसंत केला. येताना बसमध्ये ते इतके खुशीत होते की मलाही वाटलं, आता होईल.

घरी आल्यावर तारा जोडायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. मंडपाच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे दोन प्रकारचे स्क्रू असतात. एक जवळच्या स्पीकरसाठी, दुसरे लांबवरच्या भोंग्यांसाठी, आणि त्या दुसऱ्यांत विजेचा दाब कितीतरी जास्त. आबांच्या बोटांनी तीस वर्षं जे स्क्रू आवळले तेच त्या दिवशीही आवळले. वाल्व लाल झाले. आबांनी आवाज वाढवला.

पत्र्यावर खिळा ओढावा तशी बासरी निघाली. माझी मुलगी कानांवर हात ठेवून बाहेर पळाली, गल्लीतली माणसं दारात आली. आबांनी स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला होता आणि ते हसत होते. "आते उनी," ते म्हणाले. "आते बठ्ठी उनी." सगळीच्या सगळी आली म्हणे.

तार कुठे लागली आहे ते मला दिसलं. हात बटणापर्यंत गेला, पण आबांचा तो चेहरा बघून मागे आला. मिनिटभरात जळका वास सुटला. एक स्पीकर बसला, मग दुसरा. आबांनी हात काढून घेतला.

इतक्या दिवसांचा माझा संताप मग बाहेर पडला. "भोंग्याच्या स्क्रूला तार लावलीत, आबा! कानावर एवढं किंचाळत होतं, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मी ओरडलो म्हणूनच ते त्यांना ऐकू गेलं असणार.

"नही येस," ते शांतपणे म्हणाले. "दोन वरीस व्हई ग्यात."

"मग सांगितलं का नाही? धुळ्यापर्यंत कशाला हिंडलो आपण?"

"अ‍ॅम्प्लिफायर बदलता येस रे."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. त्यांना माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि मी शहाणा आठवड्यामागून आठवडे वाल्व मोजत बसलो होतो. आबांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. मग म्हणाले, "तो असोद्याना अ‍ॅम्प्लिफायर व्हता ना, तवय बासरी वाजे का रे?"

"वाजे, आबा," मी म्हणालो. त्यांनी मान वाकडी करून माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच पुन्हा ओरडून सांगितलं.