एका पानाच्या सात पिढ्या

प्रयोगशाळेत कामावर तिला सगळे चिमटाताई म्हणत. हातात सदा चिमटा आणि बोलणंही तसंच, असं कुणीतरी गमतीने म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा राग नव्हता. नव्या माणसाला ती स्वतःच सांगायची, की चिमटाताई म्हणा, चटकन लक्षात राहतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. साचलेल्या पाण्यावर हिरवा थर पसरतो, आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो. जवळून पाहिलं तर ती मसुरीच्या दाण्याएवढी सुटी सुटी पानं असतात आणि प्रत्येकाखाली केसासारखं एक मूळ लोंबत असतं; एक पान म्हणजे एक अख्खं झाडच. याला फूलसुद्धा येतं, पण ते दिसायला भिंग लागतं आणि देवाची मर्जी लागते. अकरा वर्षांत चिमटाताईला ते दोनदाच दिसलं. एरवी एका पानाच्या कुशीतून दुसरं फुटतं, सुटं होतं, त्यातून तिसरं. अशा एकाच पानाचा सगळा वंश तिने अकरा वर्षं काचेच्या चंबूंत सांभाळला होता. दर सोमवारी चिमटा ज्योतीवर लाल करायचा, निवू द्यायचा, मनात देवाचं नाव घ्यायचं आणि चार पानं नव्या चंबूत सोडायची.

मग प्रयोगशाळेने या पानाचा जीनोम वाचायला घेतला. म्हणजे त्याच्या पेशीत देवाने जी लांबलचक ओळ लिहून ठेवली आहे, ती अक्षर न अक्षर वाचायची. यंत्र ती तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि ते तुकडे संगणकावर जुळवावे लागतात. जुळवणाऱ्या तरुणाला सगळे जोडारी म्हणत. महिनाभर डोकं खपवून तो बैठकीत आला आणि त्याने सांगितलं की प्रत्येक ओळ दोनदा येते आहे, आणि दोन्हींत एका झाडात असतो त्याहून कितीतरी जास्त फरक आहे. हे एक झाड नव्हे, दोन झाडं आहेत.

"चंबूत भेसळ आहे," तो म्हणाला. म्हणताना त्याने पडद्याकडे पाहिलं, चिमटाताईकडे नाही.

भेसळ हा शब्द तिच्या जिव्हारी लागला. या पानावर कितीतरी जणांनी अकरा वर्षं काम केलं होतं. भेसळ ठरली तर ते सगळं पाण्यात जाणार होतं आणि खापर फुटणार होतं तिच्या डोक्यावर. घरी जेवताना घास उतरेना. सासूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की माझ्या हातून झालं नाही हे मला ठाऊक आहे, पण सात वर्षांपूर्वी तुम्ही आजारी होतात तेव्हा आठ दिवस ते चंबू दुसऱ्याच बाईंच्या हातात होते. सासूबाई म्हणाल्या, मग जे आहे ते सांगून टाक, आपल्याला काय लपवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी तिने प्रमुख डॉक्टरबाईंना ते आठ दिवस सांगितले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, की मग सगळे चंबू ओतून टाकायचे का?

"ओतू नका. मला दोन महिने द्या. मी पुन्हा एका पानापासून सुरू करते."

यातला धोका तिला कळत होता. चंबूत खरंच दोन झाडं मिसळली असतील, तर एकाच पानाच्या वंशात एकच ओळ निघणार आणि दोष तिच्या पदरात कायमचा. बाईंनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

तिने भिंगाखाली एक पान निवडलं. त्याच्या कुशीतली लेक सुटी होईपर्यंत वाट पाहिली, तेवढी एकटीच नव्या चंबूत ठेवली, बाकीची बाजूला केली. मग त्या लेकीची लेक. दर वेळी तिने जोडारीला बोलावलं, त्याच्याच हाताने चंबूला पट्टी चिकटवून घेतली, वर त्याची सही घेतली. एकदा तो चंबूशेजारी शिंकायच्या बेतात आला.

"शिंक बाहेर जाऊन दे बाबा, नाहीतर तुझाच जीनोम निघायचा."

घरी सासूबाई रोज विचारत, आज कितवी पिढी? चौथी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पणती झाली. मी अजून नातीच्या लग्नाची वाट बघते आहे, आणि तुझं पान माझ्या पुढे गेलं." सात पिढ्या झाल्या. त्या सातव्या पानाचा वंश वाढवून तिने चंबू भरला, आणि पानं यंत्राकडे गेली.

निकाल सांगायला जोडारी स्वतः जिने उतरून तिच्या खोलीत आला. दारातच उभा राहिला.

"ताई, अजूनही दोन ओळी आहेत. बरोबर निम्म्या-निम्म्या." घसा खाकरून तो पुढे म्हणाला, "भेसळ नव्हतीच. माझं चुकलं."

चिमटाताईने चिमटा खाली ठेवला आणि ती स्टुलावर बसली. मग डॉक्टरबाई धावत आल्या. या पानाच्या दोन चुलत जातींचे जीनोम आधीच वाचलेले होते. शेजारी ठेवून पाहिलं तर एक ओळ एका जातीशी जुळली, दुसरी दुसरीशी. कधीतरी कुठल्यातरी तळ्यावर दोन वेगळ्या जातींची फुलं एकमेकांना भेटली होती आणि त्यांचं लेकरू दोन्हीकडचं सगळं जपून बसलं होतं. ज्याला सगळे भेसळ समजत होते तो संकर होता, आणि या पानात तो असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाईंनी सगळ्यांसमोर चिमटाताईचे दोन्ही हात धरले. जोडारीने पुढच्या बैठकीत उभं राहून आपला शब्द परत घेतला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सासूबाईंना मात्र यात नवल वाटलं नाही.

"आईकडचं आणि बापाकडचं दोन्ही आहे, इतकंच ना? माझ्या मुलाकडे बघ, नाक यांचं आणि हट्ट माझा."

चिमटाताई हसता हसता रडली. कितीतरी दिवसांनी तिने मागून भात वाढून घेतला.

शोधनिबंध छापून आला. आजवर चंबू सांभाळणाऱ्याचे आभार शेवटी बारीक अक्षरांत मानले जात. या वेळी तिचं नाव लिहिणाऱ्यांत होतं, जोडारीच्या आधी. ते त्यानेच मागून घेतलं होतं. तिने तो कागद घरी आणला आणि सासूबाईंना नावांची ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचली, आवाज चढवून, शेजारच्या घरात जाईल इतका.