आत्या बोलून लिहायची

माझी आत्या बिडकीनला बायकांचा शिवणक्लास चालवते. नाव नोंदवायला बायकांचे फोन वेळी-अवेळी यायचे, म्हणून एकदा ती मला म्हणाली, "तू कम्प्युटरवरच काम करतीस ना? मला एक फॉर्म करून दे. बायका घरबसल्या भरतील."

मी चिकलठाण्याला एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते. आत्यानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, त्यामुळं हौसेनं बसले. नाव, गाव, मोबाइल, एवढेच रकाने. ते रिकामे असतील तोवर खालचं 'पाठवा' बटण राखाडी राहायचं आणि तिन्ही भरले की हिरवं व्हायचं. त्या हिरव्या रंगाचं मलाच फार कौतुक.

लिंक पाठवली. तासाभरात आत्याचा फोन.

"बटण दबत नाय गं."

"एखादा रकाना राहिला असेल."

"सगळे भरलेत."

"नीट बघ, आत्या."

"बघितलं की! माझंच काहीतरी चुकत असंल. मला ह्यातलं लई जमत नाय."

फॉर्म माझ्या फोनवर चालत होता, ऑफिसातल्या सगळ्यांच्या फोनवर चालत होता. तिचंच काहीतरी चुकतंय, असं मीही मनात धरलं. तीन दिवस तिला फोनवरून शिकवत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी जरा चिडलेही.

रविवारी स्कूटी काढून तिच्याकडं गेले. म्हटलं, "माझ्यासमोर भर बरं."

तिनं चष्मा लावला, नावाच्या रकान्यावर बोट टेकवलं, कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबलं आणि फोन तोंडाजवळ नेऊन स्वतःचं पूर्ण नाव खणखणीत सांगितलं. अक्षरं उमटली. मग गाव. मग मोबाइल नंबर, एकेक आकडा सुटा करून. सगळं बिनचूक, आणि बटण राखाडीच.

"तू टाइप करत नाहीस?"

तिनं बोटं पुढं केली. सुई-कात्रीनं टोकं पार निबर झाली होती. "धा वेळा दाबावं तवा एक अक्षर उमटतंय. त्यापेक्षा बोललेलं बरं."

मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं, की कळ दाबून बोट उचललं गेलं की रकाने तपास. आत्यानं कळ दाबलीच नव्हती. तिनं सगळं भरलं होतं आणि माझ्या प्रोग्रामच्या लेखी तिथं काही घडलंच नव्हतं.

शिवणयंत्राच्या फळीवर लॅपटॉप उघडला आणि कळ सुटायची वाट बघणारा 'कीअप' शब्द खोडून 'इनपुट' लिहिलं. म्हणजे मजकूर बोटानं येवो, आवाजानं येवो की दुसरीकडून आणून चिकटवलेला असो, तो बदलला की तपासायचं. एवढंच काम होतं.

आत्या पुन्हा बोलली. शेवटच्या आकड्यासरशी बटण हिरवं झालं.

"म्हंजी माझं नव्हतं चुकलं?"

"नाही आत्या. माझंच चुकलं."

"मग तीन दिवस मला कशाला बोलत होतीस?" तिनं हसत पाठीत एक धपका घातला. धपका लागला नाही, प्रश्न लागला.

पुढच्या आठवड्यात फॉर्म यायला लागले. बऱ्याच जणी तिच्यासारख्याच बोलून लिहिणाऱ्या निघाल्या. एकीच्या गावाच्या रकान्यात आलं होतं, 'बिडकीन थांब गं दूध उतू चाललंय'. आत्याला हे वाचून दाखवताना मला हसू आवरेना.

मी विचारलं, "असलं काही आलं तर अडवायची सोय करू का?"

"कशाला? आधी तिला इचारते, दूध वाचलं का म्हणून."