साइड देणारा हात

नसीमचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या चाकांतली हवा तपासत होते. शनिवारची सकाळ होती, दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जायचं होतं. “मॅडम, अब्बा पहाटे गेले,” ती म्हणाली आणि जरा थांबून, “उद्याचा रविवार रद्द करू नका असं सांगून गेलेत.” आम्ही अर्थातच रद्द केला. शफीकभाईंचं न ऐकण्याची आमची ती काही पहिली वेळ नव्हती. याला आता सात आठवडे झाले. लिहायला एवढा उशीर केला, कारण लिहिण्याआधी एक गोष्ट चार माणसांसमोर बोलायची राहिली होती.

शफीकभाईंचं भवानी पेठेत गॅरेज होतं आणि माझी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. एकदा ब्रेकची तक्रार घेऊन गेले असताना मी त्यांना घर्षणावर छोटंसं व्याख्यान दिलं. ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, “मॅडम, सगळं बरोबर आहे. आता एकदा ब्रेक मारूनही बघा.” त्याच महिन्यात मी पहिल्यांदा ट्रॅकवर गेले. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि घरच्यांच्या मते माझं डोकं फिरलं होतं.

ट्रॅक म्हणजे खडकवासल्याच्या पलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याचा, गाड्या तपासण्यासाठी बांधलेला वळणावळणांचा रस्ता. जागेच्या मालकांच्या परवानगीने शफीकभाई महिन्यातल्या एका रविवारी तिथे आम्हा हौशी मंडळींना जमवत. आपापली रोजची गाडी, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात असेल तेवढी हिंमत. शर्यत नाही, वेळ मोजायची नाही, बक्षीस नाही. “मग जिंकतं कोण?” असं माझ्या नणंदेने विचारलं होतं. कुणीच नाही म्हटल्यावर तिने विषय बदलला.

ओलांडण्याचा नियम मात्र कडक होता. वळणात कुणी कुणाला ओलांडायचं नाही. सरळ रस्त्यावरही पुढच्याने खिडकीतून उजवा हात काढून बाजू दाखवली, तरच मागच्याने जायचं. तोवर हॉर्न नाही, दिवे मारणं नाही, मुकाट्याने मागे राहायचं. हात देणाऱ्यानेही नुसता हात देऊन भागत नाही, त्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडायचा, म्हणजे मागचा वळण यायच्या आत नीट पुढे जाईल. पुढे गेलेल्याने हात वर करून आभार मानायचे. हे सगळं शफीकभाई तरुणपणी कात्रजच्या घाटात ट्रक चालवताना शिकले होते. “पुढच्या ट्रकवाल्याला समोरचा रस्ता दिसायचा, मला नाही,” ते सांगत. “त्याच्या हातावर जीव टाकून मी पुढे जायचो. मग त्या हाताला काही किंमत पाहिजे की नको?”

त्यांची दुसरी पद्धत याहून अवघड होती. फेऱ्या संपल्या की पत्र्याच्या शेडखाली चहा व्हायचा. तिथे ट्रकचं एक जुनं टायर आडवं टाकलेलं होतं. एकेकाने त्यावर बसायचं आणि आज आपण काय चुकलो ते सांगायचं. फक्त आपलं, दुसऱ्याचं अवाक्षर नाही. पुण्यात ही पद्धत एवढी वर्षं टिकली याचं मला अजून नवल वाटतं. दुसऱ्याच्या चुका सांगायच्या असत्या तर अंधार पडला तरी चहा संपला नसता.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी नवी गाडी घेऊन गेले होते. आरशात शफीकभाईंची जुनी डबड्यासारखी गाडी जवळ येताना दिसली. नियम म्हणून मी हात दिला. ते उजवीकडून शेजारी आले आणि... काय सांगू, मला ते सोसलं नाही. माझ्या नव्या गाडीला ते डबडं ओलांडणार? मी पाय सैल सोडला नाही, उलट दाबला. पुढे बाभळीचं वळण डावीकडे होतं. त्यात मी नको तेवढ्या वेगाने शिरले. अशा वेळी गाडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे ओढली जाते, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. उजवीकडे शफीकभाई होते. मला जागा देण्यासाठी त्यांनी गाडी गवतात घातली आणि ती बांधावर जाऊन आदळली. त्यांचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात जाण्याआधी ते हाताला फडकं बांधून टायरवर बसले. “मागचा मी होतो. वळण जवळ आलं होतं, मी थांबायला हवं होतं. माझा अंदाज चुकला,” एवढंच म्हणाले. मग माझी पाळी आली. मी म्हणाले, “आज मी गिअर उशिरा बदलले.”

ते मनगट पुन्हा कधी सरळ झालं नाही. त्यांचा खिडकीतून येणारा हात थोडा खाली झुकलेलाच यायचा. नंतर आलेले सगळे जण साइड देणं त्यांच्याकडूनच शिकले आणि तशीच रीत असते असं समजून सगळे मनगट वाकवून हात द्यायला लागले. नऊ वर्षं प्रत्येक गाडीच्या खिडकीतून मला तो हात दिसत होता.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी सांगायचंच असं ठरवून त्यांच्या घरी गेले. बराच वेळ बसले, नसीमने दोनदा चहा दिला. शेवटी मी म्हणाले, “शफीकभाई, त्या बाभळीच्या वळणावर...” ते डोळे मिटूनच म्हणाले, “गवत वाढलं असेल ना? कापून घ्या. ओल्या गवतात गाडी थांबत नाही.” मी बरं म्हणाले आणि उठले. त्यांना सगळं ठाऊक होतं, नसणार कसं? त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं की मला सोडवायचं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि याचं फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी पुन्हा जमलो. गवत मी आधीच कापून घेतलं होतं. यापुढे हे रविवार कसे चालवायचे हे फेऱ्यांच्या आधीच ठरवायचं होतं. कौस्तुभ हिंजवडीत नोकरी करतो, चालवतो उत्तम. तो म्हणाला, “मॅम, फुल रिस्पेक्ट आहे, पण हा हाताचा रूल आउटडेटेड आहे. गॅप दिसली की मागच्याने जावं, सिंपल. शफीकसर स्वतःच या रूलमुळे फसले ना? हात मिळाला म्हणून गेले आणि जजमेंट चुकलं. ते स्वतःच सांगायचे.” दोघातिघांनी माना डोलावल्या.

मी जाऊन टायरवर बसले. म्हणाले, “त्यांचं काही चुकलं नव्हतं. हात मी दिला आणि पाय मी दाबला. मनगट माझ्यामुळे मोडलं. तुम्ही सगळे ज्या वाकड्या हाताने साइड देता ना, ती रीत नाही, ती माझी चूक आहे.” मग म्हणाले, “नियम राहील. फेऱ्या सुरू होण्याआधी तो मी दर वेळी सांगणार, आणि टायरवर पहिली मी बसणार. ज्याला मान्य नसेल त्याच्यासाठी पुण्यात बिननियमाचे रस्ते भरपूर आहेत.”

फेऱ्या सुरू करायचा झेंडा घेऊन उभी असलेली नसीम शेवटी म्हणाली, “नऊ वर्षं लागली, मॅडम.” तेवढंच. आणि मग, “चला, गाड्या लावा.”

तिसऱ्या फेरीत कौस्तुभ माझ्या पुढे होता. त्याचे ब्रेक तापले असावेत, सरळ रस्त्याला लागताच त्याचा वेग कमी झाला. मी मागेच राहिले. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला... मनगटात थोडा खाली वाकलेला. आता कारण कळल्यावर तो सरळ धरता आला असता. त्याने धरला नाही. त्याच्या गाडीचा वेग आणखी उतरला, मी उजवीकडून पुढे गेले आणि आभाराचा हात वळण येईपर्यंत खाली घेतला नाही.