याकूबची इटली

याकूब गेल्याचा फोन आला तेव्हा मी बहारीनमध्ये, अदलिया भागातल्या मुलाच्या घरी, दाढी करत होतो. सून दाराशी येऊन म्हणाली, "अब्बा, सनदहून, त्यांच्या घरून फोन होता. याकूबचाचा गेले. झोपेतच." खोटं कशाला सांगू, आधी दुःख झालं नाही. मनात आलं, हा इथंही माझ्या पुढं गेला... नेहमीसारखा.

आम्ही दोघं दापोलीकडचे, एकाच गावचे. महायुद्धाची भरती सुरू झाली तेव्हा बेळगावला एकाच रांगेत उभे राहिलो. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि याकूबला सही करतानाही घाम फुटायचा. त्या अक्षरानंच माझा घात केला. साहेबानं मला डेपोच्या ऑफिसात कारकून म्हणून ठेवून घेतलं, आणि याकूब बोटीत बसून इटलीला गेला. तो परतला तो छातीवर पदकं लावून. माझ्या बोटांवर शाईचे डाग होते. त्याच्या ओट्यावर माणसं जमायची. डोंगरातला गुडघाभर चिखल, दारूगोळा वाहणारी खेचरं, शेकोटीत भाजलेली, फणसाच्या आठळीसारखी लागणारी तिकडची फळं... माझी सख्खी आईसुद्धा मला सोडून त्याला विचारायची, "याकूब, बर्फ कसा रे असतो?" मी आत जाऊन बसायचो.

कुवेतची लढाई निवळल्यावर माझ्या मुलानं मला बहारीनला आणलं. याकूबच्या मुलाचं सनदला कोल्ड स्टोअर, म्हणजे दूध-किराण्याचं दुकान. वर्षभरात याकूबही आला. दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे जेवायला यायचा. वाटलं होतं, इथं तरी त्याची इटली मागं राहील. कुठची! माझी नातवंडं मला दारातूनच 'हाय' करून सटकायची. त्याच्यापुढं मात्र मांडी ठोकून बसायची. मराठी त्यांना अर्धीच कळायची, तरी त्याची कळायची.

त्यातली नदीची गोष्ट मला तोंडपाठ होती. पहाटेचं धुकं, पलीकडून गोळ्या, दोराला धरून छातीभर पाण्यात उतरलेले दोघं, आणि काठावरच्या घरात चुलीपाशी बसवून गरम सूप पाजणारी म्हातारी. तो दुसरा कोण, हे याकूबनं कधी सांगितलं नाही.

एका शुक्रवारी मुलाच्या ऑफिसातले पाहुणे आले होते. एकानं विचारलं, "चाचा, तुम्हीही फौजेत होता ना? कुठं?" बेळगाव म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "इटलीत." मग थांबता येईना. नदी सांगितली, दोर सांगितला. म्हातारीच्या चुलीपाशी आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं. वर पाहिलं तर याकूब दारात उभा. हात पुसायचा टॉवेल तसाच हातात.

पाहुण्यानं त्यालाच विचारलं, "म्हणजे तुम्ही दोघं बरोबर होता?"

याकूबनं माझ्याकडं पाहिलं. "होय तर. दोर ह्यानंच धरला होता."

संध्याकाळी त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. शेवटी म्हटलं, "याकूब, माझं चुकलं रे."

"तो गणपत होता," तो म्हणाला. "दोर त्यानं धरला म्हणून मी पलीकडं गेलो. तो पोचला नाही. चुलीपाशी मी एकटाच होतो." त्यानं टॅक्सीचं दार उघडलं. "आज तू त्याला चुलीपाशी बसवलंस... बरं वाटलं. खलास. आता बोलू नकोस."

गणपत! त्या नावाच्या, त्या पलटणीतल्या एकाच शिपायाच्या घरी, तो मेल्याचं पत्र मी डेपोतून लिहिलं होतं. माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात. याकूबला ते मी तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआला सनदला गेलो. त्याची दहा वर्षांची नात सलमा त्याच्या खोलीत पुस्तक वाचत बसली होती. तिला म्हटलं, "बाळ, त्या नदीवर मी नव्हतो. मी लढाई पाहिलीच नाही. मी बेळगावला कारकून होतो."

तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि इंग्रजीत, हळू हळू समजावलं : तुम्ही म्हातारे झालात, विसरला असाल. तुम्ही होता. दादांनी मला सांगितलंय.

माझ्या खऱ्यापेक्षा त्याचं खोटं अजून खरं होतं.

तेवढ्यात त्याची सून धुतलेली चादर घेऊन आली. तिनं उशी उचलली तर खाली लोकरी मोज्यांचा एक जोड. बहारीनच्या या उकाड्यात! "अब्बांची सवय," ती म्हणाली. "इटलीत पाय ओले राहिले की माणसं कामातून जायची म्हणे. कोरडा जोड उशाशी असल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. मी अजून धुऊन ठेवते... राहवत नाही."

तिनं चादर घालेपर्यंत तो जोड मी हातात धरला. एकदा पायात घालून बघावा, असं फार वाटलं. नाही घातला. घडी नीट करून होता तसा उशीखाली ठेवला.