टॅप केलं की सुटका

"सर, थांबवा!" वैशाली मॅडम ओरडल्या. गणेशनं अजून वजन टाकलंही नव्हतं. तो नुसता गुडघ्यावर बसून त्यांच्यावर वाकला होता. मॅडम उठल्या, मॅटबाहेर गेल्या आणि थेट चपला शोधायला लागल्या.

मी थेरगावात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवतो. यात लाथा-बुक्क्या नसतात. समोरच्याला जमिनीवर दाबून धरायचं आणि सांधा किंवा गळा पकडून हार मानायला लावायची. त्यामुळे नवीन माणसाचे सुरुवातीचे दिवस दुसऱ्याच्या अंगाखालीच जातात. मॅडमचा तर हा दुसराच क्लास होता.

मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेलो. त्या पिंपरीत शाळेत गणित शिकवतात. मागे त्यांची रिक्षा उलटली होती आणि बराच वेळ त्या खाली अडकून पडल्या होत्या. तेव्हापासून अंगावर जड गोधडीही सहन होत नाही, म्हणाल्या.

"मग नेमकं हेच शिकायला का आलात?"

"घाबरायचा कंटाळा आलाय, सर. डॉक्टर म्हणाले, हळूहळू करून बघा."

पुढच्या क्लासला मी त्यांना एकही डाव दाखवला नाही. फक्त टॅप शिकवला. टॅप म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हातानं थापटायचं. टॅप झाला की समोरचा त्याच क्षणी सोडतो, का म्हणून विचारत नाही.

गणेश चाकणला एका कारखान्यात, पत्रे दाबून पार्ट बनवतात त्या प्रेस शॉपमध्ये आहे. आमच्याकडचा सगळ्यात वजनदार गडी. मी त्याला म्हटलं, "भावा, आज तुझं काम एकच. टॅप झाला की उठायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं नुसता हात ठेवला. टॅप. तो उठला. मग खांदा. मग थोडी छाती. बाकीचे घामाघूम होऊन लोळत होते आणि कोपऱ्यात हे चाललं होतं. मध्येच मॅडमनी उगाचच टॅप केला. गणेश लगेच बाजूला झाला.

"बघत होते, दर वेळी सोडता का."

"बघा की ताई, कितीही वेळा बघा."

मग श्रिंप शिकवला. कुशीवर वळायचं, पाय रोवायचा आणि कोळंबीसारखं अंग दुमडून कंबर मागे सरकवायची. मॅडम घरी हॉलमध्येही त्याची प्रॅक्टिस करायच्या.

काही महिन्यांनी एका रविवारी त्या स्वतःहून गणेशसमोर बसल्या. "आज पूर्ण वजन टाका."

गणेशनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं छाती टेकवली. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. हात टॅपसाठी वर आला. मी अर्धा उठलोच होतो. पण तो हात गणेशच्या मानेला आडवा लागला. त्यांनी मोठा श्वास सोडला, वळल्या, कंबर मागे. अडकल्या. पुन्हा एकदा कंबर मागे, मध्ये गुडघा, आणि बाहेर!

"निसटल्या राव!" गणेशच आधी ओरडला. सगळ्यांनी मॅटवर हात आपटून दणका उडवला. मॅडम हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

माझ्या पोरांनी स्पर्धांत मेडल्स आणली आहेत. तरी माझी छाती त्या रविवारी जास्त फुगली.

पुढच्याच राउंडला गणेशनं त्यांना परत दाबलं. त्यांनी शांतपणे टॅप केला आणि पाणी प्यायला गेल्या.

नवीन लोक फोनवर विचारतात, "किती दिवसांत जिंकायला लागेन?" मी सांगतो, ते नंतर बघू. आधी खालून निघायला शिकू. आणि येताना नखं कापून या.