जिभेखालची गोळी

मोर्शीचे सूर्यभान बोबडे संत्र्यांचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचे. बोलण्याची भारी हौस. झोप पळावी म्हणून वाटेतल्या एका ढाब्यावर ते डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांची भुकटी, चहातून घेऊ लागले. सहा वर्षांत गत अशी झाली, की डोड्याशिवाय स्टिअरिंगला हात लागेना.

शेवटी बायकोने, सीमाबाईंनी, त्यांना अमरावतीला डॉक्टर पौर्णिमाबाईंकडे नेलं. आदल्या दिवसापासून डोडा घ्यायचा नाही, असं बाईंनी फोनवर बजावलं होतं. त्यामुळे सूर्यभान पोचले तेव्हा नाक-डोळे वाहत होते, अंगावर काटा होता. बाईंनी पांढरी गोळी पुढे केली.

"एक नशा सोडाले दुसरी काहून देऊन राह्यले, बाई?" सूर्यभाननी विचारलं.

"साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतही लोकांनी हेच विचारलं होतं," बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं : जर्मनीत मेथाडोन नावाचं दुखणं थांबवणारं औषध निघालं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते हेरॉइनच्या रुग्णांना रोज ठरलेल्या मापात दिलं, अन् नशेमागे धावणारी माणसं कामावर जाऊ लागली. पुढे इंग्लंडमध्ये ब्युप्रेनॉर्फिन तयार झालं, तेही दुखण्यासाठीच. ते तलफ शमवतं, पण त्याची नशा एका मर्यादेपुढे चढत नाही, हे नंतर उमगलं. "तीच ही गोळी. जिभेखाली ठेवा. विरघळेपर्यंत एक शब्द नाही."

सीमाबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "पंधरा वर्षांत पयल्यांदा मी बोलून राह्यली अन् हे आयकून राह्यले!" गळक्या छपरापासून नणंदेच्या लग्नापर्यंतची सगळी गाऱ्हाणी त्यांनी दहा मिनिटांत ऐकवली. सूर्यभान नुसत्या भुवया उडवत होते. नर्स ज्योत्स्ना हसू लपवायला खिडकीकडे वळली.

तासाभराने सूर्यभान म्हणाले, "भूक लागली मले." कोपऱ्यावरच्या गाडीवर त्यांनी चार गिलावडे खाल्ले.

डोस बसायला दोन आठवडे लागले. मध्ये एकदा पाय घसरलाही. बाईंनी रागावण्याऐवजी डोस वाढवला. दिल्लीची फेरी सूर्यभाननी सोडली. आता ते छोट्या गाडीतून अमरावतीपर्यंतच संत्री नेतात. गोळी अजून चालू आहे अन् ते कुणापासून लपवत नाहीत.

यंदा जानेवारीत दोघं सेमाडोहच्या जंगलात फिरायला गेले. वाघ दिसला नाही. पण रस्त्यात अचानक एक दांडगा गवा आडवा आला, अन् सीमाबाईंनी नवऱ्याचा हात इतका आवळला की तीन बांगड्या फुटल्या. गवा झाडीत गेला तरी दोघं हसतच होते.