बाप्पासाठी बंद केलेला फ्रीझर

नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्या. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीला लागून, माझा एक डीप फ्रीझर होता आणि त्यात कोंबडीच्या माना, पंजे, कलेज्या होत्या. कच्च्या. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. आइस्क्रीमच्या दुकानाने काढून टाकलेला जुना फ्रीझर, वायर आमच्याच मीटरवरून ओढलेली. सोसायटीची एक युनिटही वीज त्यात जात नव्हती.

श्रावण लागला की अर्धं शहर पुण्यवान होतं. चिकनच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून उरलेल्या माना-पंजेही नाहीत. हे गणपती उठेपर्यंत चालतं. माणसांनी महिनाभर सोडलं म्हणून कुत्र्यांची भूक काही सुट्टीवर जात नाही. म्हणून मी आषाढातच फ्रीझर भरून ठेवायचे. दुकानातून ताजं आणायचं, पाणी निथळू द्यायचं, एका वेळचं एका पिशवीत, पिशवी थापून वहीसारखी चपटी करायची, वर तारीख टाकायची आणि उभ्या रांगेत लावायची. चपटी पिशवी लवकर गोठते, आतून कोमट राहत नाही. खायला घालायच्या आदल्या दिवशी ती घरच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवायची. उन्हात, कठड्यावर, बादलीत कधीच नाही. मग ओटा साबणाने घासायचा, हातही. एवढंच. पण एवढंच लोकांना जमत नाही, आणि मग म्हणतात कच्च्या मांसानं कुत्री आजारी पडतात.

यंदा माझा जीव टांगणीला लागला होता तो एका तीन पायांच्या कुत्रीपायी. ती पाण्याच्या पंपामागे व्याली होती. पिल्लांचे डोळे उघडले नव्हते, त्यामुळे ती कचराकुंडीपर्यंतही जात नव्हती. आम्ही घालू तेच खायची. दूध त्यावरच.

गणपतीत मला घोटीकडच्या गावांत कुत्र्यांच्या लसीकरण शिबिराला जायचं होतं. बाबांनी लागतील तेवढ्या पिशव्या आधीच घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात काढून घेतल्या, म्हणजे मी नसताना मोठा फ्रीझर उघडायलाच नको.

परत आले, झाकण उचललं. फ्रीझर चालू होता, सगळं दगडासारखं गोठलेलं होतं. पण माझ्या वह्या वह्या राहिल्या नव्हत्या. पिशव्या खाली बसून फुगल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तळाला गुलाबी बर्फाचा थर होता. म्हणजे सगळं वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. झाकण उघडताच हलका आंबूस वास आला.

सेक्रेटरी काका पार्किंगमधल्या मंडपाच्या कापडाची घडी घालत होते.

"काका, फ्रीझर कुणी बंद केला होता?"

"अगं, बाप्पा दीड दिवसाचा होता. आदल्या दिवशी जागा धुतली, शुद्ध केली, तेव्हा बटण बंद केलं. तिकडे मूर्ती आणि इकडे हे! बरं दिसतं का? विसर्जन झाल्याबरोबर मीच आठवणीनं चालू केला हो. बघ, बर्फ झालाय की नाही?"

आठवणीनं! म्हणजे मी आभार मानायचे!

"बर्फ झालाय, पण मधल्या दिवसांत ते सडलंय. परत गोठवून सडलेलं ताजं होत नाही."

"थंडीत जंतू मरतात, बाळा."

"मरत नाहीत. झोपतात. तुम्ही त्यांना उठवून जेवायला वाढलंत आणि परत झोपवलंत."

वरून सेक्रेटरी काकूंनी गॅलरीतून सल्ला दिला, "कुकरला लाव ना मग सगळं!"

शिजवल्यावर हाडं ठिसूळ होऊन घशात टोचतात, आणि सडण्यातून जे विष तयार होतं ते सगळं उकळून जात नाही, हे मी त्यांना दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. काका चिडले. "फार शहाणी झालीयेस. दिवसभर कचऱ्यातलं खातात ती! त्यांना काय होतंय?" आणि मला खोटं पाडायला त्यांनी वरची एक पिशवी उपटून जमिनीवर आपटून फोडली, एक सुटलेली मान ओढली आणि पंपाकडे भिरकावली. "बघ, खातेय की!"

खाणारच. ती भुकेली होती.

मी धावले आणि बाळंतिणीच्या तोंडातला घास हिसकावला. तिने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. तिचं काय चुकलं? मान माझ्या हातात आली, हातातून रक्त आलं, आणि काका अख्ख्या बिल्डिंगला ओरडून सांगू लागले, "चावली! म्हणत होतो ना, चावणार!"

मी हात नळाखाली धरून साबणाने धूत राहिले. मग इंजेक्शन घेऊन आले. तोवर सोसायटीचा निर्णय झालाही होता: कुत्री चावते, सबब फ्रीझर आजच हलवावा. चावण्याचा आणि फ्रीझरचा संबंध काय, हे मी विचारलं. संबंध मला माहीत होता. आमच्याकडे काय शिजतं आणि आमच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे, हे बिल्डिंगला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाबांनी सगळ्या पिशव्या घंटागाडीत दिल्या, फ्रीझर डेटॉलने पुसला आणि शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला हाक मारली. दोघांनी तो जिन्यातून वर चढवला. काका वाटेत उभे.

"आता घरात ठेवणार? हॉलमध्ये?"

"हॉलमध्येच," बाबा म्हणाले. "आणि रविवारी आमच्याकडे मटण असतं. इतकी वर्षं खिडक्या लावून शिजवत होतो. आता नाही लावणार."

माझे बाबा क्लार्क म्हणून निवृत्त झाले. जिन्यात इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

सोफा गॅलरीत गेला, फ्रीझर भिंतीला लागला. आत काहीही नव्हतं, घरच्या फ्रीजमधल्या पिशव्याही संपल्या होत्या आणि दुकानं भरायला अजून वेळ होता. मी पट्टी बांधलेल्या हाताने उकडलेली अंडी सोलत होते आणि तोंडातून शिव्या थांबत नव्हत्या: काकांना, काकूंना, त्यांच्या शुद्ध पार्किंगला.

"शिव्या परत आल्यावर दे," बाबा भातात अंडी कुस्करत म्हणाले. "आधी तिला घाल. आणि ताटली लांबून सरकव."